रामेश्वर: टॅक्सी, भाड्याची गाडी आणि एक ‘येतो’

निघायच्या दिवशी सकाळी पूजा आटोपली आणि देवापुढच्या गाडीच्या किल्लीला रोजच्यासारखं कुंकू लावलं. वर्षभर ती तिथंच होती. मानवतजवळ कापसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना माझी गाडी एका दुचाकीला घासली होती. तो माणूस उठला, कपडे झटकून गेला. मी मात्र त्यानंतर गाडी चालवली नाही, किल्ली देवापुढं ठेवून दिली. आईचं माहेर बोरी. गुडघ्यांमुळं तिला एसटीची पायरी चढवत नाही. ती बोरीचं नाव काढायची, मी ‘ड्रायव्हर बघतो’ म्हणायचो आणि बघायचो नाही.

“देवाला लायसन हाय का?” बायकोनं किल्लीकडं बघत विचारलं. मी पिशव्या उचलल्या.

परभणीहून गाड्या बदलत दोन दिवस लागतात. रामेश्वर हे बेट आहे, हे आईला पूल ओलांडताना कळलं. तिनं दोन्हीकडच्या पाण्याला हात जोडले.

पहिल्या दिवशी टॅक्सी केली. चालक माझ्याच वयाचा, हिंदी माझ्यासारखीच मोडकी. देवळापाशी पैसे देऊन सवयीनं म्हणालो, “आते हैं.” बावीस कुंडांचं स्नान, कोरडे कपडे, रांग, दर्शन. तीन तासांनी बाहेर आलो तर हा तिथंच उभा.

“आप बोला, आते हैं.”

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं असणार? मी ओशाळलो, ही तोंडाला पदर लावून हसली, शेवटी तोही हसला. त्यानंच बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला नेलं. आई काठी टेकत वाळूतून पाण्यापाशी पोचली, खाली बसायला माझा हात मागितला आणि हॉर्न वाजला. त्याला स्टेशनवर पुढचं गिऱ्हाईक गाठायचं होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं.

परतताना आई म्हणाली, “पाणी दिसलं. बसायचं तेवढं ऱ्हायलं.” आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्याच्या ओळखीनं बिनचालकाची भाड्याची गाडी घेतली. जाणार असाल तर सांगतो: गावात रिक्षा-टॅक्सीच बरी, गाडी लावायला जागा नाही. धनुष्कोडीसाठी मात्र, सोबत म्हातारं माणूस असेल तर, स्वतः चालवायची गाडी हवी. मूळ लायसन लागतं, अनामत ठेवावी लागते. जुने ओरखडे मालकासमोर फोटोत घ्या. दिवसाचं भाडं टॅक्सीच्या दोन फेऱ्यांएवढं पडलं. अंधाराआधी परत फिरावं लागतं.

वर्षानं स्टिअरिंग धरलं. देवाचं नाव घेतलं आणि गाडी सुरू केली. दोन्हीकडं समुद्र, मधून सरळ रस्ता. तरी मी तिसाच्या वर जाईना.

“दत्ता,” मागून आई म्हणाली, “सायकलवाला यायलाय. त्याला पुढं जाऊ दे.”

मला हसू आलं आणि स्टिअरिंगवरची मूठ सैल झाली.

आई दोन तास बसली. पाणी डोळ्यांना लावलं, नामस्मरण केलं, शिल्लक राहिलेली दशमी चटणीबरोबर खाल्ली. मग नुसतीच बसून राहिली. कुणी हॉर्न वाजवला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. पिशव्यांतून अजून वाळू निघते. देवळातली गर्दी आठवत नाही, आईचं ते बसणं आठवतं.

काल सकाळी पूजा झाल्यावर किल्ली उचलली. पाटावर तिच्या आकाराची मोकळी जागा राहिली, भोवती वर्षभराचं कुंकू. देवाला ‘येतो’ म्हणालो आणि आईला बोरीला घेऊन गेलो.