आयच्या बोलण्यावर मी केलेली खूण

शेखरनं टेप उलटी लावली. आयचा आवाज मागून पुढे आला, घरघरला, चिरकला. खोलीतले चौघंही खदाखदा हसले. मग त्यानं ती सुलटी लावली आणि म्हणाला, "आता ऐका. काही फरक पडला का?" पुन्हा हसले. एकीला तर हसता हसता ठसका लागला.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? तोंड वाकडं करून का होईना, हसले.

ती माझी आय होती आणि हे त्यांना माहीत होतं.

गोष्ट पासष्ट सालच्या आसपासची. आम्ही जासईच्या बाजूचे आगरी. आय मिठागरावर पाट्या वाहायची. मी मॅट्रिक होऊन मुंबईच्या कॉलेजात गेले, गावातली पहिलीच पोर. शेखर माझ्या वर्गात. मिठागर त्याच्या वडिलांचं, बंगला पनवेलात. आम्ही काही मुलांनी मिळून मिठागरातल्या माणसांवर माहितीपट काढायचं ठरवलं. कॅमेरा शेखरचा, टेपरेकॉर्डर शेखरचा, म्हणजे साहेबही शेखरच. मला कशाला घेतलं? आमची बोली त्यांना कळत नव्हती म्हणून. मला मात्र वाटलं, आपल्याला मान मिळाला. कपाळ माझं!

चित्राची फीत वेगळी आणि आवाजाची टेप वेगळी. दाखवताना दोन्ही बरोबर चालवायच्या. बंगल्याच्या माडीवर आम्ही कापाकापी करत बसायचो. माझं काम, टेप ऐकून कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं. तेही शुद्ध मराठीत. आय म्हणायची 'हाय', मी लिहायची 'आहे'. आय म्हणायची 'पानी', मी लिहायची 'पाणी'. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच लाज वाटायची.

मुलाखतीच्या दिवशी आयला मिठागराच्या बांधावर बसवलं होतं. शेखरनं आधी विचारलं, "तुमच्या गावात विहीर आहे ना? पाणी मिळतं का?"

आय म्हणाली, "मिलतं की. बारा महिनं मिलतं. कंदी नाय आटली."

मग त्यानं विचारलं, "आणि इथे मिठागरावर? पाणी मिळतं का?"

आयनं डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवली. मग बोलली, थांबली नाही.

"हतं पानी पिपात. पिपाला कुलूप. चावी गोमा मुकादमाकरं. माजी चांगुना वैशाखात हतंच परली. तेरा वर्सांची. मी कुलपावं दगर घातलं, कुलूप नाय तुटलं. गोमा पनवेलला गेलता. तो येयपरत पोर गेली."

चांगुणा माझी मोठी बहीण. मी तेव्हा पाळण्यात होते. ती मिठागरावर ऊन लागून पडली आणि गेली, एवढंच घरात सांगायचे. कुलुपाचं मला त्या दिवशी कळलं, चार परक्या पोरांच्या देखत. इतकी वर्षं आयनं मला सांगितलं नाही. त्या यंत्रानं विचारलं तर सांगितलं. मला आयचाही राग आला होता तेव्हा.

माडीवर हा तुकडा लागला तेव्हा शेखरनं बटण दाबून टेप थांबवली. "हे जाणार. बाबा पुढच्या खुर्चीत बसून बघणार आहेत." मग त्याला युक्ती सुचली. मिठागरावरच्या पाण्याचा प्रश्न तसाच ठेवायचा आणि त्याच्यापुढे विहिरीचं उत्तर चिकटवायचं. मिलतं की, बारा महिनं मिलतं. झालं काम.

पण कापायला त्याला जमेना. आय कुठे थांबते, कुठे नवं बोलणं धरते, त्याला ऐकूच येत नव्हतं. दोनदा कापलं, दोनदा शब्द मध्येच तुटला. शेवटी वैतागून त्यानं पिवळी पेन्सिल आणि पातं माझ्यापुढे सरकवलं.

"तुझी आई आहे. तुला कळतं कुठे थांबते ते. खूण कर."

मी म्हणाले, "हे उत्तर विहिरीचं आहे."

"बघणाऱ्यांना काय कळतंय?" तो म्हणाला. आणि मग अगदी सावकाश, चहा विचारावा तसं विचारलं, "आई अजून बाबांच्याच मिठागरावर आहे ना गं?"

मी खूण केली. 'मिलतं'च्या आधी एक, दुसऱ्या 'मिलतं'च्या पुढे एक. पातंही मीच फिरवलं. जोड इतका साफ आला की शेखर म्हणाला, "वा, हात चांगला आहे तुझा." चांगुणाची चार हात टेप केराच्या टोपलीत पडली. त्यावर कुणीतरी सिगरेटची राख झाडली. मी बघत बसले.

दिवाळीच्या सुट्टीत बंगल्याच्या अंगणात संध्याकाळी खेळ ठेवला. पुढे खुर्च्यांवर शेठ, म्हणजे शेखरचे बाबा, आणि त्यांचे पाहुणे. मागे गोणपाटांवर मिठागरातली माणसं. मी टेपच्या यंत्रापाशी उभी. पडद्यावर आयचं तोंड आलं आणि बायका खुसखुसल्या, "बाय गो, कशी दिसते बग!" मग शेखरचा आवाज, "आणि इथे मिठागरावर? पाणी मिळतं का?" आणि आयचा, "मिलतं की. बारा महिनं मिलतं."

मागच्या बायका वळून आयकडे बघायला लागल्या.

आय उठून उभी राहिली. "ह्यां मी नाय बोल्ले. ह्यां इहिरीचं हाय."

"बसा हो बाई, खाली बसा," पुढून कुणीतरी ओरडलं. शेठ मान न वळवता म्हणाले, "स्वतःला पडद्यावर बघून घाबरली बिचारी." खुर्च्या हसल्या.

आय त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मला शोधत होती. यंत्रापाशी मी दिसले तशी म्हणाली, "तुला तं कलतं ना गो, मी काय बोल्ले?"

अगदी तेच, जे शेखर म्हणाला होता. तुला कळतं. त्यानं ते कापून घेण्यासाठी म्हटलं होतं. आय साक्ष मागत होती. मी हात घालून टेप थांबवली.

"आय खरं बोलते," मी म्हणाले. माझ्या बोलीत, शेखरसमोर, शेठसमोर. "ह्यां उत्तर इहिरीचं हाय. कापलं मी. ह्या हातांनी कापलं." मग पीप, कुलूप, गोमा, दगड, चांगुणा, सगळं बोलले. आयचा शब्द न् शब्द. एकही शुद्ध केला नाही.

शेठ एवढंच म्हणाले, "हिला बाहेर काढा."

आयबरोबर मी निघाले. मागून सगळे उठले, असं लिहायला मला आवडलं असतं. तिघं उठली. बाकीच्यांना सकाळी त्याच मिठागरावर जायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. मी तर पातं फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोमानं आयला बांधावरूनच परत पाठवलं. ती घरी आली, चुंबळ खुंटीला टांगली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. नाही फिरवला. म्हणाली, "पयलंच बोलाचं व्हतं तुनी. मी उठाच्या पयलं."

बरोबर बोलली ती. मी तिला उठावं लागेपर्यंत थांबले. हे मला आजही डाचतं आणि डाचू दे. माफी मला नको आहे, आयनं दिलीही नाही.

आता मी माणसांचं बोलणं लिहून घेते. बोललेत तसं, पुरतं, मुकादमाच्या नावासकट. कुणी म्हणतं, बाई, भाषा जरा नीट करा, एवढा भाग गाळा, उगाच कुणाचं काम जाईल. ज्याचं बोलणं त्यानं गाळ म्हटलं तर गाळीन. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यानं एक अक्षर गाळणार नाही. कामाची भीती मला घालू नका. आयचं काम वाचवायला मी तिचं बोलणं कापलं, आणि काम तरीही गेलं.