मंगळवारचे उपवास

त्या मंगळवारी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये शिरले तेव्हा सुगत वरणाची बादली घेऊन उभा होता आणि पंगतीत जेमतेम चौघे बसले होते. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे कुठे आहेत, असं विचारल्यावर रेक्टर म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचा उपवास आहे."

आमचं विद्यापीठ वर्ध्याजवळचं, एका धार्मिक संस्थेचं. मुलं पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. संस्था त्याला सेवा म्हणते. मी तेव्हा प्रॉक्टर होते. शिकवण्याशिवाय शिस्तीचं लचांडही ज्याच्या गळ्यात असतं, तो प्राध्यापक म्हणजे प्रॉक्टर. सुगत पहिल्या वर्षाचा, देवळीच्या बौद्ध कुटुंबातला. आई अंगणवाडीत. त्याला मंगळवारची पाळी लागली आणि हॉस्टेलात हनुमानाची भक्ती आठवड्यागणिक वाढत गेली.

सुगतने बादली खाली ठेवली. "मॅडम, मी घरी जातो. ट्रंक भरून ठेवली. आईले सांगीन, अभ्यास जमला नाई."

मला संताप आला. हुशार पोरगा स्वतःला ढ ठरवून घरी निघाला होता आणि ज्यांनी त्याला घालवलं ते भाविक म्हणून मिरवत होते. पोलिसांत जायचा तुला हक्क आहे, मी बरोबर येईन, हे त्याला सांगितलं. तो नको म्हणाला. मग मी त्याच्याकडून पुढच्या मंगळवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

उपवास करणाऱ्या मुलांचा म्होरक्या नितीन, विद्यार्थी प्रतिनिधी. त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो हसतच आला. "हनुमानजीचा उपास आहे मॅडम. देवाधर्माच्या कॉलेजात उपासही कराचा नाई काय?"

आमच्या धंद्यातली अडचण ही अशी असते. मिसकंडक्ट सिद्ध करायचं तर कृती लागते आणि द्वेष सिद्ध करायचा तर मोटिव्ह, म्हणजे कृतीमागचा हेतू लागतो. इथे कृती एवढीच की मुलं जेवली नाहीत. शो-कॉज नोटीस काढून मी काय लिहिणार होते, भूक का लागली नाही ते कळवावे?

रेक्टरांकडे दोन उपाय तयार होते. पहिला, सुगतची पाळी बदलून त्याला बागेत पाणी द्यायला लावावं, त्याच्याच भल्यासाठी. मी म्हटलं, म्हणजे नितीनचं काम आपणच पूर्ण करायचं. दुसरा, चौकातल्या समोशाच्या गाडीवर पाळत ठेवून उपवासाच्या दिवशी तिथे खाणाऱ्या पोरांना पकडावं. त्यालाही मी नकार दिला. उपवासात समोसा खाणं हा कच्चेपणा झाला, द्वेष नव्हे.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे महाराज म्हणत. ते आधीच घाबरलेले. "उपवास करणाऱ्यांवर कारवाई केली तर भक्तांना काय सांगू?"

"कारवाई नको, महाराज. मंगळवारी फराळ द्या. आणि तुम्हीही या."

सुगतला मात्र मी सगळं आधी सांगितलं. तुला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल, नको असेल तर आत्ताच नाही म्हण. सुगत मग म्हणाला, "राहीन उभा. मलेही पाहाचंच आहे."

मंगळवारी साबुदाण्याची उसळ, भगर आणि दाण्याची आमटी झाली. महाराज पंगतीत आहेत म्हटल्यावर झाडून सगळे बसले. सुगतने आधी महाराजांना वाढलं, मग मला, मग तो नितीनपुढे आला. नितीनने ताटावर हात आडवा धरला. पोट बरं नाही म्हणाला. शेजारच्या दोघांचीही पोटं तेवढ्यात बिघडली. चौथ्या पोराचा उपवास बहुधा खरा असावा. त्याने ताट पुढे केलं आणि दोनदा उसळ मागून घेतली. त्याचं पाहून बाकीचेही खाऊ लागले.

मी नितीनला विचारलं, "साबुदाणा चालतो ना उपवासाला?"

"चालते."

"मग काय चालत नाही?"

नितीनच्या शेजारच्याचा धीर सुटला. "मॅडम, त्याच्या हातचं खाल्लेलं घरी चालत नाई."

महाराजांचा घास हातातच राहिला. मोटिव्ह सगळ्या पंगतीने ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. रेक्टर म्हणाले, या तिघांना महिनाभर वाढायला लावू. मी विचारलं, वाढणं ही शिक्षा असेल तर सुगत इतके दिवस कशाची भोगत होता? नितीनचं प्रतिनिधीपद गेलं आणि तिघांनाही वर्षभरासाठी हॉस्टेल सोडावं लागलं. आदेशावर महाराजांनी स्वतः सही केली.

पुढच्या मंगळवारी रेक्टर कुरकुरत आले, वरण कमी पडलं म्हणून. सुगतला ट्रंकेचं विचारलं, तर म्हणाला, "खाटेखाली आहे मॅडम. रिकामी."

पुढे प्रॉक्टर झालेल्यांना मी एवढंच सांगत आले. कोणी दिलेल्या कारणाशी भांडत बसू नका. ते खरं धरा आणि देणाऱ्याला पोटभर वाढा. ते कारण खोटं असेल तर तो स्वतःच ताटावर हात आडवा धरतो.