चॅपलमधले शेजारी

हॅलिफॅक्सच्या जुन्या रस्त्यावर माझ्या टोप्यांच्या दुकानाला खेटून एक इवलंसं चॅपल आहे. ते सांभाळणारे वसईचे अंकल रस्त्यावरसुद्धा प्रार्थना चालू असल्यासारखे हळू बोलतात. माणसं येत नाहीत, तर चॅपल बंद करायचं का, हे बघायला बिशपकडचे फादर आले. त्या रविवारी अंकलनी आम्हा दुकानदारांनाच बाकांवर बसवलं.

"अंकल, मी हिंदू."

"पाठून कोणाला दिसतंय? नुसते लिप्स हलव."

"आणि घड्याळवाल्या सरदारजींची पगडी?"

"त्याला कोपऱ्यात बसवलाय."

मी अगदी जीव ओतून ओठ हलवले. फादर खुलले. "हे सगळे इथले भाविक?"

अंकल घुटमळले. "नाही, फादर. शेजारी आहेत. चॅपल जाऊ नये म्हणून आलेत."

मी कपाळाला हात लावला. फादर कोट काढून सरदारजींच्या शेजारी बसले.