आता तुम्ही विचार करा

एका हाताचं बोट ओठांवर आणि दुसऱ्या हाताचं आमच्या स्विचबोर्डवर. काकू आमच्या घरात यायच्या त्या अशा. विचारणं नाही, सांगणं नाही. खट्‌! माझा ड्रायर बंद. मग कुजबुजत म्हणायच्या, "पाचच मिनिटं हं. रेकॉर्डिंग आहे."

मी चिकूच्या चकत्या सुकवून विकते. आमची चिकूची वाडी नरपडला, घर मसोलीत, आणि एका भिंतीपलीकडे काकूंचं घर. चकत्या अर्धवट सुकलेल्या असताना यंत्र बंद केलं की त्या चामड्यासारख्या चिवट होतात. हे मी काकूंना किती वेळा सांगितलं असेल! त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्‌.

तुमच्याही शेजारी असं कोणीतरी असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

काकूंची सगळी नोकरी बस स्टँडवर गेली. खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. बोर्डीची गाडी लागली, तलासरीची रद्द झाली, असलं सगळं. आवाज मात्र असा की रद्द झालेल्या गाडीबद्दलही माणसाला राग येऊ नये. निवृत्त झाल्या आणि तो आवाज घरात मावेनासा झाला. काका आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. मग काकूंनी फोन घेतला, मुलाच्या जुन्या खोलीत खिडकीला गोधडी लावली आणि रोज एक छोटं भाषण रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली.

विषय कुठलाही. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का दिसत नाही? रांगेत आपण पुढच्यावर वैतागतो, मागच्याबद्दल आपल्याला काहीच का वाटत नाही? मुंग्यांना सुट्टी असते का? कुठून सुचायचं देव जाणे. त्यातून स्टँडवरची सवय गेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाचं वाक्य दोनदा. "मुंग्यांना सुट्टी नसते. मुंग्यांना सुट्टी नसते." आणि शेवटी ठरलेलं, "आता तुम्ही विचार करा."

मी का विचार करायचा? मला पाटीभर चिकू सोलायचे असायचे.

ग्रुपमध्ये मला न विचारताच घेतलं होतं. स्टँडवर ओळख झालेलं कोणीही त्यात होतं. ड्रायव्हर, टोपली घेऊन येणाऱ्या बायका, बोर्डीचे शिक्षक, तिथून त्यांचे मेव्हणे आणि मेव्हण्यांचे मित्र. एवढी माणसं, पण उत्तर कोणी देत नसे. फार तर जोडलेले हात. नाहीतर एक फूल. मुलगा तेवढंही पाठवत नसे. "आई, वेळ नसतो गं," असं तो सांगायचा, हे काकूंनीच मला हसत सांगितलं होतं.

आमचे हे मात्र रोज ऐकायचे. "चांगलं असतं अगं, ऐकत जा." ड्रायर यांचा नव्हता, त्यामुळे यांना चांगलंच असणार.

एकदा मी माल द्यायला अच्छाडला गेले. तिथल्या नाक्याजवळच्या एका धाब्यावर माझी पाकिटं असतात, ट्रकवाले घेतात. धाबेवाल्या भाईंनी मला लांबूनच बघितलं आणि ओरडले, "आवो बेन! मरणवाले पाकीट किती आणले?"

मला काही कळेना. त्यांनी गल्ल्यावरचा फोन उचलून पुढे धरला. त्यातून काकूंचा आवाज! अगदी तिथे, ट्रकच्या हॉर्नमध्ये, माझा पिच्छा पुरवत. "चिकू सुकवून आपण त्याचं आयुष्य वाढवतो, की त्याचं मरण लांबवतो? आयुष्य वाढवतो, की मरण लांबवतो? माझ्या शेजारी एक बाई रोज हे काम करते. आता तुम्ही विचार करा."

बाकड्यावरचे दोन ड्रायव्हर खो खो हसले. एकाने हातातलं पाकीट परत ठेवलं आणि शेंगदाणे घेतले. भाई म्हणाले, "बेन, तुमचा माल चांगला आहे. पण आता खाताना कसं तरी वाटते."

परतीच्या जीपमध्ये मी नुसती धुमसत होते. घरी आल्यावर काकूंच्या दारावर थाप मारणार होते. पण समोरासमोर तोंड उघडलं की मला रडू येतं आणि मग भांडण हातातून जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मागच्या अंगणात गेले, फोन तोंडाशी धरला आणि एका दमात बोलले.

"काकू, तुम्ही चिकू कधी उतरवलाय का? झाडावरून काढला की तो बघता बघता मऊ पडतो. व्यापाऱ्याची गाडी आली नाही तर पाट्याच्या पाट्या गुरांपुढे ओताव्या लागतात. मरतो तो तेव्हा. मी सुरी लावते तेव्हा नाही. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाई ओतलेल्या ढिगाकडे बघायच्यासुद्धा नाहीत, तोंड फिरवून आत जायच्या. म्हणून मी हे सुरू केलं. मरण लांबवते म्हणे! आणि दुसरं, ज्या शेजारणीवर भाषण करायचं तिला आधी विचारायचं असतं. यावर तुम्ही विचार करा!"

फक्त काकूंना पाठवून टाकलं. त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा लांब झालं होतं.

थोड्या वेळाने दारात काकू. पायात एक चप्पल स्वतःची, एक काकांची. मी कमरेला पदर खोचून तयार. काकूंचा चेहरा मात्र असा, की जणू मी त्यांना साडी पाठवली होती.

"तू शेवटपर्यंत ऐकलंस!"

"मग न ऐकता भांडू का?"

"आणि तुला पटलं नाही."

"अजिबात नाही."

काकू आमच्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "अगं, सगळा जन्म माइकसमोर गेला माझा. मी बोलायचे आणि माणसं पळायची. कोणी थांबून म्हणालं नाही की बाई, तुमचं चुकतंय."

"गाडीला उशीर झाला की लोक बोलत असतील की."

"ते गाडीला बोलायचे गं."

राग माझा तसाच होता, पण तो ठेवायला जागा उरली नाही. मग काकू जरा चाचरत म्हणाल्या, "तुझं बोलणं ग्रुपवर टाकू?"

"मुळीच नाही."

"टाकलंय मी."

मी कपाळावर हात मारला. आणि तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. ग्रुपवर उत्तर आलं होतं! नरपडची एक मावशी होती, सुकट विकणारी. खणखणीत आवाज. "अवो बाय, ती चिकूवाली बरोबर बोलते. बोंबील मरतो तो जाळ्यात. काठीवर वाळत टाकते ती मी त्याला पावसाळ्यात माणसांच्या पोटी जायला. मरण कसलं?" तिच्यामागून तलासरीचा एक जीपवाला. "आमच्याकडं मोहाची फुलं वाळवतात. वाळल्यावर ती अजून गोड लागतात. पण मॅडमचं पण खरं आहे. ताज्या फुलाचा वास राहत नाही." मावशीला ते पटलं नाही. तिने त्याला झापलं. अच्छाडचे भाई मध्ये पडले, तर मावशीने त्यांनाही झापलं.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. काकूंची भाषणं आखूड होत होत नुसता प्रश्न उरला. बाकीचं सगळे मिळून करायचे. ड्रायर बंद व्हायचा थांबला, हे खरं. पण आता काकू फोन मोठ्याने लावून माझ्याच स्वयंपाकघरात ठाण मांडायच्या. सगळ्यांची उत्तरं ऐकायची, मला ऐकवायची आणि मला काय वाटतं ते मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. वर मदत म्हणून चिकू सोलायच्या. सालीबरोबर अर्धा गर जायचा. मी डोळे मिटून घ्यायचे. "काकू, तुम्ही नुसत्या बसा ना!" "बसलेच आहे की," असं म्हणून पुढचा चिकू घ्यायच्या.

थंडी सरताना छातीत दुखायचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. आम्ही हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा डॉक्टर बाहेरच उभे होते.

ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडे आलं. तिथे कोणी टाईप करत नसे, म्हणून बोलूनच सांगायला हवं होतं. किती वेळा फोन तोंडाशी धरला आणि पुसून टाकलं. शेवटी जेमतेम एक वाक्य गेलं. मरतानाही या बाईने मला बोलायला लावलंच.

दोन दिवसांनी लोक भेटायला आले. मुलगा पुण्याहून आला होता. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. येणारा प्रत्येक जण परका वाटत होता. येत होते, हात जोडत होते, गप्प बसत होते. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मग एक ठेंगणी बाई घसा खाकरून म्हणाली, "पाणी द्या गो जरा." कोपऱ्यातला एक पोरगेलासा माणूस झटकन उठला.

"मावशी? सुकटवाल्या?"

"तू मोहाचा काय रे? मला वाटलं मोठा बाप्या असशील!"

मग एकेक जण बोलला आणि ओळखला गेला. भाई अच्छाडहून धाबा बंद ठेवून आले होते. डोळे पुसून झाले आणि जीपवाला म्हणाला की, मॅडमचे सगळे प्रश्न त्याने जपून ठेवलेत, रोज जीपमध्ये लावणार.

"मी तर पुसले," मावशी म्हणाली. "गेलेल्या माणसाचा आवाज लावू नये. जीव अडकतो."

"कोणाचा अडकतो? त्यांचा की आपला?"

"दोघांचा."

भाई म्हणाले, "मग फोटो कशाला लावते माणूस भिंतीवर?"

"फोटो बोलतो काय?"

आवाज चढले. दुखवट्याच्या घरात हे असं! मी त्यांना गप्प करायला निघाले. मुलगा इतका वेळ खांबाला टेकून फोनमध्ये बघत होता. त्याने फोन खिशात ठेवला. त्याच्या आईचा एकही प्रश्न त्याने ऐकलेला नव्हता. एक खुर्ची ओढून तो त्या सगळ्यांच्या मधोमध बसला आणि मावशींना म्हणाला, "नाही, मला नाही पटत तुमचं."

सगळे त्याच्याकडे वळले. मी चहाचं आधण वाढवायला आत गेले.