हात न लावता अडवणं

बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. मी सुरुवातीच्या तिन्ही सामन्यांत मध्यंतराआधीच बाहेर येऊन बसलो होतो. दर वेळी गुन्हा एकच. समोरचा गडी चेंडू घेऊन अंगाजवळ आला, की माझा डावा हात आपोआप त्याच्या मानेवर जायचा आणि उजवा त्याचं मनगट धरायचा. शिट्टी वाजायची, मी दचकून हात सोडायचो आणि पोरं ओरडायची, "पैलवान, ही तालीम न्हाय!"

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही कसबा बावड्याचे शेतकरी. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरात एक पैलवान हवाच होता. त्यांची स्वतःची कुस्ती शेतीपायी अर्ध्यात सुटलेली. म्हशीचं दूध आधी मला, उरलं तर बाकीच्यांना. मग मलकापूरकडच्या एका जत्रेत, माझ्यापेक्षा बऱ्याच थोराड गड्याशी लढताना माझा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला आणि बजावलं, पुन्हा मातीत उतरलास तर हात कामातनं जाईल. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलेनासे झाले. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो. पण ते आईकरवी निरोप द्यायचे, "त्याला म्हणावं, वैरण टाक." आणि मी समोरच उभा असायचो.

कॉलेजात बास्केटबॉलच्या मैदानावर मी गेलो तो या अबोल्याला कंटाळून. कशात तरी नाव काढलं तर ते पुन्हा बोलतील, एवढाच माझा हिशेब. त्या खांद्यानं चेंडू टोपलीत टाकणं मला जमणार नव्हतं. खेळाच्या सरांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि म्हणाले, "तू फक्त अडवायचंस." ऐकायला सोपं होतं. पण मला अडवणं म्हणजे धरणं एवढंच ठाऊक. तालमीत दुसरं शिकवलं होतं कुणी?

तिसऱ्या सामन्यानंतर सरांनी माझाच पंचा घेतला, माझे हात पाठीमागं बांधले आणि समोर संघातला सगळ्यात चपळ पोरगा उभा केला. म्हणाले, "आता अडव." त्या मुरमाच्या मैदानावर मी दोनदा तोंडावर आपटलो. पोरं पोट धरून हसत होती आणि मला सरांचा असा संताप आला, की हात मोकळे असते तर पट काढून त्यांनाच चीत केलं असतं.

पण मी जात राहिलो. गुडघे वाकवून खाली बसायचं, पाय एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत, आडवं सरकत राहायचं. हे अर्धं तालमीतलंच निघालं. नवं होतं ते बघणं. सर म्हणायचे, "डोळे फसवतात, चेंडू फसवतो. त्याच्या पोटाकडं बघ. पोट जिकडं, माणूस तिकडं. आणि बाजूच्या रेघेकडं हाकल त्याला, म्हैस गोठ्याकडं हाकतोस तशी." घरी मी बांधावर दोन्ही हात मागं बांधून आडवा सरकत सराव करायचो. एकदा आबांनी पाहिलं. थोडा वेळ उभे राहिले आणि तसेच मोटेकडं निघून गेले. मला फार लागलं ते.

पुढं पंचा सुटला, तरी हात पुन्हा मानेकडं धावले नाहीत.

वर्षाच्या शेवटच्या सामन्याला गावातल्या कुणीतरी आबांना ओढून आणलं. फेटा बांधून ते लोकांत उभे दिसले. माझ्याकडं समोरच्या संघाचा सगळ्यात भारी खेळाडू दिला होता. मी त्याच्या पोटावरची नजर काढली नाही. तो डावीकडं गेला, मी आधीच तिथं. उजवीकडं वळला, तिथंही मीच. शेवटी तो वैतागून चेंडू दुसऱ्याकडं फेकायला लागला. भोवतीचे लोक मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "अरं, धर की त्याला! धर की!" मी धरलं नाही. संपूर्ण सामन्यात माझ्या नावावर एकही फाउल लागला नाही. सरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत होतो, आबा शेजारी. मी वाट बघत होतो. गाव जवळ आल्यावर ते बोलले.

"खांद्याला अजून भितोस व्हय रं?"

इतक्या हळू आवाजात ते कधी बोललेच नव्हते.

"न्हाय आबा. ह्या खेळात धरायचं नसतंय."

"असू दे, असू दे. एकदाबी अंगाला अंग लावलं न्हाईस, बघितलं की मी. तुझी चूक न्हाय, लेकरा. लई थोराड जोड हुती ती. मीच लावली हुती. तवाधरनं तुला तोंड दावायला लाज वाटती मला."

म्हणजे तो राग नव्हताच. मी पुन्हा सांगू लागलो, न धरताच अडवायचं असतं, तेच तर मी शिकलो, तेच अवघड असतं. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले, आजारी पोराला म्हणतात तसं. रात्री त्यांनी स्वतः तेल कोमट करून माझा खांदा चोळला. खांदा दुखत नव्हता. तरी मी हात पुढं केला आणि मान वळवून रडलो.

त्यानंतर आबा माझ्याशी रोज बोलायचे. शेवटच्या दुखण्यातही मी जवळ बसलो की पहिला प्रश्न तोच असायचा, "खांदा कसा हाय?" मी म्हणायचो, "बरा हाय, आबा." खेळाबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही.