आसरांचा ओढा आणि दोन येजितखते

ज्या साली मोगलांनी पुणे जाळले, त्याच्या पुढच्या माघात माझ्या वडिलांनी गोतसभेपुढे स्वतःच्या हाताने येजितखत लिहून दिले. वादात हरलेल्याने जिंकलेल्याला लिहून द्यायचा हा कागद असतो. मी खोटा, समोरचा खरा, पुन्हा या गोष्टीचा कज्जा वंशपरंपरा करणार नाही, एवढाच मजकूर. वडिलांनी तो चार ओळींत संपवला.

खाली त्यांनी निशाणी काढली. गावच्या कागदावर प्रत्येकाची निशाणी ठरलेली असे. पाटलाचा नांगर, लोहाराची सांडशी, न्हाव्याचा आरसा, कुलकर्ण्याची लेखणी. आमच्या घराण्यात लेखणीच्या टोकाशी शाईचे एक टिंब देत. त्या दिवशी वडिलांनी लेखणी काढली, टिंब दिले नाही.

पलीकडच्या गावचा पाटील समोरच बसला होता. तो म्हणाला, "कुलकर्नी, हात का थांबला? लेखनी तुमचीच, शाई बी तुमचीच. मी तर काय लिवाया शिकल्याला न्हाई."

सभेतले काही जण हसले. कोण कोण हसले ते मी लक्षात ठेवले. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि कसब्यात एका बातमीदाराच्या हाताखाली लिहीत होतो. पुण्यातली खबर दर आठ दिवसांनी उत्तरेतल्या एका सरदाराला कळवायची, हे आमचे काम. माझ्या गुरुजींचा नियम एकच होता. पाहिले ते 'पाहिले' लिहायचे, ऐकले ते 'ऐकले' लिहायचे, आणि आपल्याला काय वाटले ते लिहायचे नाही. हा मजकूर त्याच नियमाने लिहिला आहे.

वाद शिवेचा होता. आमचे गाव येरवडा ओलांडून खराडीच्याही पुढे, नदीच्या काठी. मंगळवारचा बाजार, एक चावडी, एक वेस. गावाच्या पूर्वेला दोन ओढे नदीला मिळतात. जवळचा ओढा अरुंद, फाल्गुन सरता कोरडा पडणारा. त्याला नावही नव्हते. लोक 'ओहळ' म्हणत. दूरच्या ओढ्याला एक डोह आहे, तो कधी आटलेला कोणी पाहिलेला नाही. त्या डोहात साती आसरा राहतात, म्हणजे पाण्यातल्या सात देवी. काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. म्हणून तो आसरांचा ओढा, आणि तीच आमची शीव.

दोन ओढ्यांच्या मधे तीन शेते होती. एक बाभळपट्टी. दुसरे घोडेमोड, कारण तिथे कधीकाळी कुणा स्वाराच्या घोड्याचा पाय मोडला होता. तिसरे मोरकी, ते आमच्या कुलकर्णाच्या वतनाचे. वडील थळझाडा, म्हणजे गावच्या शेतांची नाववार यादी, तोंडपाठ म्हणत. पूर्वेकडून सुरुवात केली की ही तीन नावे पहिली येत.

वैशाखात मोगलांचे स्वार आले तेव्हा आमची चावडी जळाली आणि तिच्यातली दप्तरे जळाली. गाव डोंगराकडे पळाले. निम्मे लोक दसऱ्याच्या सुमारास परत आले. तोवर आसरांचे सात दगड जवळच्या ओहळाच्या काठावर येऊन बसले होते. शेंदूर ताजा होता. पलीकडच्या पाटलाचे गुराखी त्या ओहळाला आसरांचा ओढा म्हणू लागले होते. पाटलाने शिवेचा दगड हलवला नाही, मोजणीची दोरी लावली नाही. त्याने नाव हलवले.

वडील ते पाहून हसले. घरी येऊन आईला म्हणाले, "दगड उचलून नेले म्हणून आसरा जातात होय? चार दिवसांत त्यालाच लाज वाटेल." त्यांनी तक्रार केली नाही. ही त्यांची चूक.

परगण्याच्या दप्तरात एक जुना कागद जळण्यातून वाचला होता. त्यात आमच्या गावची चतुःसीमा होती: पूर्वेस आसरांचा ओढा. पाटलाने तोच कागद गोतसभेपुढे मांडला. वडिलांनीही तोच मांडला. कागदावर दोघांचे एकमत होते. सभेने विचारले, आसरांचा ओढा कोणता? पाटलाने आपल्या गावच्या बारा जणांच्या निशाण्यांचा महजर, म्हणजे साक्षीचा कागद, पुढे केला. आमचे निम्मे गाव अजून परतले नव्हते. वडिलांकडे चार निशाण्या होत्या. सभेने वडिलांना विचारले, दसऱ्याला दगड पाहिलेत, मग माघापर्यंत गप्प का बसलात? वडिलांनी दौत पुढे ओढली.

त्या पावसाळ्यात पाटलाने तिन्ही शेतांमधले बांध मोडून एकच पट्टी केली आणि तिला नाव दिले 'जितपट्टी'. आमच्या बाजारात येऊन तो ते नाव मोठ्याने घेई. "जितपट्टीची ज्वारी हाय, कुलकर्नी. घिऊन बघा, तुमच्याच मातीची हाय." वडील बाजारात जाईनासे झाले. नंतर चावडीवरही जाईनासे झाले. चार वर्षांनी, आषाढात, ते वारले. शेवटच्या दिवसांत ते थळझाडा म्हणत आणि चौथ्या शेतापासून सुरुवात करत.

मी सूड घ्यायचे ठरवले. कधी ठरवले ते सांगता येते: वडिलांच्या तेराव्याला पाटलाने जितपट्टीची ज्वारी पाठवली, त्या दिवशी. मी पोते परत पाठवले नाही. ठेवून घेतले आणि वाट पाहिली.

वाट कशाची पाहायची हे मला माहीत होते. आमच्या भागात बाळंतिणीला सव्वा महिना झाला की ती मूल घेऊन आसरांना जाते. सात हिरव्या बांगड्या, दहीभात, हळदकुंकू. हे डोहाशीच करतात, कारण आसरा आटणाऱ्या पाण्यात राहत नाहीत. आणि आपल्या गावच्या काठावर बसूनच करतात. ओढा ओलांडून परक्या शिवेत पूजा केली तर ते मूल आपल्या गावाला लाभत नाही, असे बायका मानतात. पाटलाचा महजर पुरुषांनी केला होता. त्याच्या घरात मूल जन्मले की बायका कुठे जातील, हे मला पाहायचे होते.

त्याच्या एकुलत्या मुलाचे लग्न झाल्याचे मी ऐकले. वडील जाऊन चौथे वर्ष चालू होते तेव्हा, फाल्गुनात, नातू झाल्याची साखर त्याने दोन्ही गावांत वाटली. आमच्या दारातही आली. मी ती खाल्ली आणि दिवस मोजले.

दोन्ही गावांची सुईण एकच होती. मी तिच्याकडे जाऊन पूजेचा दिवस विचारला. तिने सूप पाखडणे थांबवले नाही.

"कशापाई इचारतुयास?"

"सहज."

"तुज्या बानं कवा सहज काय इचारलं न्हाई, तू तर बातमीवाला. बाळंतिनीच्या ओटीवर डाव टाकू नगंस, बाबा. आसरांचं काम हाय, चावडीचं न्हवं."

तिने दिवस सांगितला नाही. पण सव्वा महिना तिथीने कुणालाही मोजता येतो, आणि आसरांचे वार दोनच, मंगळवार आणि शुक्रवार.

पुण्यात सरकारच्या न्यायखात्यातला एक कारकून माझ्या ओळखीचा होता. खबरीसाठी मी त्याच्याकडे नेहमी जात असे. मी त्याला दोन तिऱ्हाईत पंच घेऊन यायला सांगितले.

तो म्हणाला, "अहो, तुमच्या तीर्थरूपांनी वंशपरंपरा लिहून दिले आहे. तुम्हाला तोंड उघडता येणार नाही."

"म्हणूनच मी उघडणार नाही. आपण फक्त एका जागी उभे राहायचे आणि दिसेल ते लिहायचे."

मंगळवारी सकाळी आम्ही चौघे दूरच्या ओढ्याच्या आमच्या काठावर, चिंचेच्या झाडामागे उभे राहिलो. कोणी आले नाही. एक म्हैस येऊन पाणी पिऊन गेली. दुपारी कारकून पागोटे झटकत म्हणाला, "बातमीदार, म्हैस आली एवढे लिहू का? उत्तरेला कळवायचे असेल तर कळवा." पंच हसले. मी शुक्रवारी पुन्हा येण्याची विनंती केली. तो आला. का आला ते मला ठाऊक नाही.

शुक्रवारी तिघी आल्या. पाटलीण पुढे, सून मूल घेऊन मधे, सुईण टोपली घेऊन मागे. त्या त्यांच्या बाजूने आल्या आणि त्यांच्याच काठावर बसल्या. काठावर दगड नव्हते. पाटलिणीने डोहात हात घालून सात गोटे काढले, ओळीने मांडले, कुंकू लावले. ओढा अरुंद होता. आम्हाला सगळे ऐकू येत होते.

सून म्हणाली, "आत्याबाई, मामंजींनी मांडल्यात त्या दगडांकडं न्हाई जायाचं?"

"त्ये कागदाचं दगड हायती, बाई. लेकराला कागदाच्या पायावर घालतीस व्हय?"

बांगड्यांवरचे हिरवे कापड वाऱ्याने उडाले आणि आमच्या काठाला येऊन पडले. सून उठली.

"बस खाली," पाटलीण म्हणाली. "ती शीव त्येंची हाय. लेकरू घिऊन वलांडू नगंस."

कारकुनाने दोन्ही पंचांकडे पाहिले. त्यांनी माना हलवल्या. मग तो झाडामागून पुढे झाला आणि आत्ता बोललात ते पुन्हा सांगा, असे म्हणाला. तिघी उठून उभ्या राहिल्या. सुनेने मूल पदराखाली घेतले. पाटलिणीने कारकुनाकडे पाहिलेच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"कुलकर्ण्याचा न्हवं का तू?"

"हो."

"बाळंतिनीच्या ओटीला टपून बसला व्हतास?"

"हो."

तिने सुनेला पुढे घातले. सुईण थुंकली आणि टोपली उचलून निघाली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पाटलाला जवळच्या ओहळाशी बोलावले. चैत्र होता, ओहळ कोरडा होता आणि सात दगड धुळीत पडले होते. पंचांनी पाहिले-ऐकलेले वाचून दाखवले. पाटील म्हणाला, "बायकांच्या बोलन्याला काय धरायचं, बाया काय बी बोलत्यात. आसरा हितंच हायती, माज्या आज्यापासनं."

कारकून गोंधळात पडला, कारण समोर पुन्हा शब्दाला शब्द होता. तेव्हा मी त्याच्या कानाशी एक गोष्ट सुचवली. ती माझी होती, हे इथे लिहून ठेवतो. मग तो पाटलाला म्हणाला, "ठीक आहे. नातवाला हातांवर घ्या, या दगडांपुढे उभे राहा आणि तेवढेच पुन्हा सांगा. आसरा इथेच आहेत, खोटे असेल तर या पोराचे आसरा पाहून घेतील. मी लिहून घेतो आणि विषय संपला."

मूल आणवले. ते झोपलेले होते. सुनेने ते द्यायला वेळ लावला. पाटलाने हात पुढे केले, दगडांकडे पाहिले, ओहळाच्या कोरड्या पात्राकडे पाहिले. मग हात मागे घेतले.

"पोराला ने," तो सुनेला म्हणाला. "ऊन लागंल."

त्याच्या गावचा कुलकर्णी हजर नव्हता. येजितखत कोणी लिहायचे असा प्रश्न आला. मी म्हणालो, मी लिहितो. बसकूर टाकून बसलो, दौत उघडली आणि पाटलाला विचारले, "शाई आमचीच चालेल ना?"

मजकूर मला पाठ होता. चार ओळींत संपवला. पाटलाने खाली नांगर काढला. त्याचा फाळ कागदाबाहेर गेला.

दगड परत नेण्याचा हुकूम झाला. ते ज्याने आणले त्यानेच न्यावेत, असा पंचांनी निवाडा दिला. पाटील साठीला आलेला होता. एका खेपेला एक दगड, डोक्यावर घेऊन, जितपट्टीच्या मधून. त्याच्या मुलाने हात द्यायला पुढे पाऊल टाकले तेव्हा मी पंचांना निवाड्याची आठवण करून दिली. मुलगा मागे झाला. सात खेपा झाल्या. मी शेवटपर्यंत उभा होतो.

पाटलाच्या सुनेला त्याच आठवड्यात माहेरी पाठवले. मूल ठेवून घेतले. ती मार्गशीर्षात परत आली. हे मी ऐकले, पाहिले नाही. सुईण त्यानंतर आमच्या घरी आली नाही. माझ्या मुलीच्या जन्माला पुण्याहून दुसरी सुईण आणावी लागली. हे पाहिले.

कुलकर्ण माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी मी थळझाडा नवा लिहिला. पूर्वेकडून बाभळपट्टी, घोडेमोड, मोरकी. खाली लेखणी काढली आणि टिंब दिले. वडिलांचे येजितखत पाटलाकडून परत घेतले. दोन्ही कागद एकाच रुमालात बांधलेले आहेत, वडिलांचा खाली, पाटलाचा वर.

तिन्ही शेतांचे बांध पुन्हा घातले. मोरकी मी वाहतो. गेल्या मृगात माझा गडी औत घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने विचारले, "मालक, आज जितपट्टीत घालू का?"

मी हो म्हणालो.