मामांच्या शेतरस्त्याचा अर्ज

मी जालन्यात एका बियाणे कंपनीसाठी माहितीपत्रकं लिहिते. त्याआधी पाच वर्षं वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या. सुट्टीत कथा लिहिते, त्यातल्या दोनचार छापूनही आल्या. या तिन्ही कामांत किती फरक आहे ते नातेवाइकांना सांगून मी थकले. त्यांच्या लेखी एकच, 'पोरगी लिव्हती.'

गेल्या उन्हाळ्यात वाटूरचे मामा आले. शेजाऱ्यानं त्यांच्या शेताचा रस्ता नांगरून टाकला होता आणि तहसीलदारांना अर्ज द्यायचा होता.

"अर्जनवीसाकडून लिहून घ्या ना मामा. माझं काम वेगळं आहे."

"लिव्हणं ते लिव्हणंच, माय. तुझं तर छापून येतं."

मला नाही म्हणता आलं नाही. दोन पानं लिहिली. मामी डोक्यावर खताचं पोतं घेऊन बांधावरून कशी तोल सावरत जाते, तिथून सुरुवात केली. वाचून दाखवलं तर मामांनी रुमालानं डोळे पुसले. मीही खूश.

परतूरच्या कचेरीत कारकुनानं पहिला परिच्छेद वाचला, पान उलटलं, परत पहिल्यावर आला.

"मॅडम, गट नंबर कुठंय? मागणी काय करून राह्यले तुम्ही?"

"शेवटी लिहिलीय."

"शेवटापर्यंत कोण वाचतं? लिहिलंय मस्त, पण हे चालत न्हाई."

बाहेर बसलेल्या अर्जनवीसानं मामांना चार प्रश्न विचारले आणि आठ ओळी लिहिल्या. मामी त्यात नव्हतीच. अर्ज लगेच दाखल झाला.

बसमध्ये मामा म्हणाले, "त्यानं बराबर लिव्हलं. तू अजून शीक."

मला संताप आला. त्याच आठवड्यात आमच्या मॅनेजरनं माझं पत्रक परत पाठवलं होतं, 'फार कोरडं आहे, जरा भावना घाला' म्हणून. पेपरात असताना संपादक नेमकी तीच भावना खोडायचे.

"मामा, ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही एसटी चालवायला बसवाल का?"

"बसवीन की. आपल्या गल्लीतला ट्रॅक्टरवालाच चालवतो ना!"



पेरणीच्या आधी पंचनामा झाला, रस्ता मोकळा झाला. मामांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मलाही बरं वाटलं.

"आता एक कर माय," ते म्हणाले, "नातीच्या लग्नाची पत्रिका तेवढी लिव्हून दे. तू तर लेखिका हायेस."

पत्रिका हा आणखी वेगळा प्रकार, हे सांगायला तोंड उघडलं. मग मी "पाठवते" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वतःवरच चिडत राहिले.